विष्णू माधव घाटगे

डॉ. विष्णू माधव घाटगे (२४ ऑक्टोबर १९०८ – ६ डिसेंबर १९९१) हे भारतीय वैमानिकी अभियंता आणि विमानांचे रचनाकार होते. भारतात आराखडा तयार होऊन मोठ्या संख्येने बांधल्या गेलेल्या पहिल्या शक्तिचलित विमानाचे, म्हणजे एचटी-२ या प्राथमिक प्रशिक्षण विमानाचे ते शिल्पकार होत. पुष्पक व कृषक ही हलकी विमाने आणि किरण हे जेट प्रशिक्षण विमान यांच्या निर्मितीतही त्यांचा प्रमुख वाटा होता. जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. नवशिक्या वैमानिकाला उड्डाणानंतर लगेच गाठणारे दोन धोके म्हणजे इंजिनाची शक्ती कमी होणे आणि पंखावरील हवेचा प्रवाह सुटून विमान कोसळणे. घाटगे यांच्या कार्यकाळाचा मोठा भाग ज्या हलक्या विमानांच्या रचनेत गेला, त्यांच्या गुणदोषांची कसोटी प्रामुख्याने याच प्रसंगी लागत असे.

जन्म व शिक्षण

घाटगे यांचा जन्म तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील गडहिंग्लज भागातील हसूरचंपू या गावी झाला. राईट बंधूंचे पहिले शक्तिचलित उड्डाण होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात आणि पदव्युत्तर शिक्षण मुंबईत घेऊन ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले.

ग्योटिंगेन हे त्या काळी गणित आणि भौतिकशास्त्राचे जगातील अग्रगण्य केंद्र होते. १९३३ मध्ये नाझी राजवट आल्यावर तेथील अनेक नामवंत ज्यू प्राध्यापकांना पदे सोडावी लागली आणि विद्यापीठाचे वैभव झपाट्याने ओसरले. मात्र प्रांटल यांच्या प्रयोगशाळेतील वायुगतिकीचे संशोधन चालू राहिले. या प्रयोगशाळेतून थिओडोर फॉन कारमान, हाइनरिश ब्लासियस, हेरमान श्लिष्टिंग यांच्यासारखे संशोधक घडले होते. १९३६ मध्ये घाटगे यांना डॉक्टरेट मिळाली.

प्रांटल यांचा वारसा

घाटगे ज्या परंपरेत शिकले तिचा पाया १९०४ साली घातला गेला होता. त्या वर्षी हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत प्रांटल यांनी सीमास्तराची कल्पना मांडली. हवा पंखावरून वाहते तेव्हा पृष्ठभागाला अगदी लागून असलेला तिचा पातळ थर घर्षणामुळे मंदावतो. या थराला सीमास्तर म्हणतात. पंखाच्या वरच्या बाजूने हवा मागे सरकते तशी तिला वाढत्या दाबाविरुद्ध जावे लागते. मंदावलेल्या थरात त्या दाबावर मात करण्याइतका जोर उरला नाही, की तो पृष्ठभाग सोडून देतो, त्याच्या मागे भोवरे तयार होतात आणि पंखाचे उत्थापक बल एकदम घटते. वैमानिक या अवस्थेला स्टॉल म्हणतात.

स्टॉल होणे हे इंजिनावर थेट अवलंबून नसते. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो होतो. सर्वसाधारण हलक्या विमानाच्या बाबतीत ही मर्यादा साधारणपणे १५ अंशांच्या आसपास असते. वेग कमी झाला की तेवढेच वजन पेलण्यासाठी वैमानिकाला हा कोन वाढवावा लागतो. म्हणून मंद गतीने, नाक वर करून चढणारे विमान स्टॉलच्या सर्वांत जवळ असते. दोन्ही पंखांवरील प्रवाह एकाच वेळी न सुटता एकावरील आधी सुटला तर विमान त्या बाजूला कलंडून गिरक्या घेत खाली येऊ लागते.

१९०४ पूर्वीच्या वैमानिकांना या घटनेचा अनुभव होता, पण तिचे कारण समजलेले नव्हते. जर्मन ग्लायडरकार ओटो लिलिएंताल यांचे ग्लायडर ऑगस्ट १८९६ मध्ये हवेत नाक वर होऊन थबकले व कोसळले आणि त्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. १४ डिसेंबर १९०३ रोजी विल्बर राईट यांनी केलेल्या पहिल्या प्रयत्नातही विमान रुळावरून सुटताच नाक प्रमाणाबाहेर वर गेल्याने स्टॉल होऊन वाळूत आदळले होते. यशस्वी उड्डाण त्यानंतर तीन दिवसांनी झाले. स्वतःच्या कार्यशाळेत विमाने बांधणाऱ्या या हौशी संशोधकांनी जे जीव धोक्यात घालून अनुभवले, त्याचे गणित प्रांटल यांच्या शिष्यांच्या पिढीला वर्गात शिकता आले. घाटगे हे ज्ञान भारतात आणणाऱ्या पहिल्या काही अभियंत्यांपैकी होते.

हिंदुस्थान एअरक्राफ्ट

घाटगे यांनी डॉक्टरेट मिळवली तेव्हा भारतात विमाने बनवणारा एकही कारखाना नव्हता. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या भागीदारीत डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. विल्यम पॉली या अमेरिकन व्यावसायिकाने यंत्रसामग्री व तंत्रज्ञ मिळवून देण्यास साहाय्य केले. याच सुमारास घाटगे या कंपनीत रुजू झाले.

कारखान्याचे आरंभीचे काम परदेशी आराखड्यांच्या विमानांची जुळणी करण्याचे होते. हार्लो पीसी-५ हे अमेरिकन प्रशिक्षण विमान १९४१ मध्ये येथून बाहेर पडले. त्याच काळात घाटगे यांनी जी-१ या दहा आसनी ग्लायडरचा आराखडा केला. त्याचा एकच नमुना तयार झाला आणि त्याचे पुढे उत्पादन झाले नाही. तथापि या कारखान्यात परदेशी आराखड्याचा आधार न घेता विमान रचण्याचा तो आरंभ होता. महायुद्धाची झळ पूर्वेकडे पोहोचल्यावर १९४२ मध्ये सरकारने कंपनीचा ताबा घेतला. त्यानंतर कारखान्याची क्षमता अमेरिकन लष्करी विमानांच्या दुरुस्तीसाठी वापरली गेली आणि नव्या विमानाच्या रचनेचे काम मागे पडले.

डिसेंबर १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. देशातील अशा स्वरूपाचा हा पहिला विभाग होता. त्याच्या उभारणीत आणि सुरुवातीच्या अध्यापनात घाटगे यांचा सहभाग होता. विमानांची रचना करायची तर ती करणारी माणसे देशातच तयार व्हायला हवी होती आणि कारखाना व संस्था एकाच शहरात असल्याने ते शक्य झाले.

एचटी-२

स्वातंत्र्यानंतर भारतीय हवाई दलाचे प्राथमिक प्रशिक्षण टायगर मॉथ या ब्रिटिश विमानावर चालत असे. कापडी आवरणाचे, दुहेरी पंखांचे आणि उघड्या आसनांचे हे विमान १९३० च्या दशकातील होते. त्याची जागा घेण्यासाठी देशी विमान बनवण्यास सरकारने १९४८ मध्ये मान्यता दिली आणि आराखड्याची जबाबदारी घाटगे यांच्या पथकाकडे आली.

एचटी-२ चे पहिले उड्डाण ऑगस्ट १९५१ मध्ये बंगळूर येथे झाले. कॅप्टन जमशेद मुन्शी हे चाचणी वैमानिक होते. पहिल्या नमुन्यात जिप्सी मेजर इंजिन होते. पुढील उत्पादनासाठी १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन निवडण्यात आले. विमान संपूर्ण धातूचे, एकेरी व खाली बसवलेल्या पंखांचे होते. विद्यार्थी व शिक्षक यांची आसने बंद काचघरात एकामागे एक होती. पंखांचा विस्तार सुमारे १०.७ मीटर, लांबी सुमारे ७.५ मीटर आणि उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे १,०१६ किलो होते. मुख्य चाके स्थिर असून तिसरे लहान चाक शेपटीखाली होते.

या आकड्यांचा अर्थ बंगळूरच्या परिस्थितीत समजून घ्यावा लागतो. तेथील विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. उंचीबरोबर हवा विरळ होते आणि साध्या पिस्टन इंजिनाला मिळणारा प्राणवायू कमी होतो. त्यामुळे तेवढ्या उंचीवर इंजिनाची शक्ती सुमारे एक दशांशाने घटते. उन्हाळ्यात तापलेली हवा आणखी विरळ असते. अशा वेळी पंखाला तेच उत्थापक बल मिळवण्यासाठी अधिक वेग लागतो, धावपट्टीवरची धाव लांबते आणि उड्डाणानंतरची चढण मंदावते. दख्खनच्या पठारावरील सर्वच धावपट्ट्यांना हे लागू पडते. धाराशिव शहरही सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. समुद्रकाठच्या थंड हवेतील यशावर समाधान मानून चालणार नाही, हे भारतात वापरायच्या हलक्या विमानाच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून गृहीत धरावे लागते.

एचटी-२ ची सुमारे १७० विमाने बांधली गेली. हवाई दल, नौदल आणि नागरी प्रशिक्षण संस्था यांनी ती वापरली. घाना या नव्याने स्वतंत्र झालेल्या देशाच्या हवाई दलालाही ही विमाने देण्यात आली. भारतीय हवाई दलात एचटी-२ तीन दशकांहून अधिक काळ सेवेत होते. धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या कर्नाटकातील बिदर येथील प्राथमिक उड्डाण शाळेत हवाई दलाच्या अनेक तुकड्यांनी उड्डाणाचे पहिले धडे याच विमानावर घेतले. शेपटीखालच्या चाकामुळे उतरल्यानंतर विमान सरळ ठेवण्यास कौशल्य लागे. त्यामुळे विद्यार्थ्याच्या हातापायांना चांगली शिस्त लावणारे विमान असा त्याचा लौकिक झाला.

उड्डाणानंतरचे पहिले मिनिट

प्राथमिक प्रशिक्षण विमानाची कसोटी वेगाने किंवा उंचीने होत नाही. विद्यार्थ्याने चूक केल्यावर ते कसे वागते यावर त्याचे मूल्य ठरते आणि सर्वांत घातक चूक बहुधा उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात घडते.

या टप्प्यात विमानाचे नाक वर असते, वेग स्टॉलच्या वेगापेक्षा फारसा अधिक नसतो आणि जमीन जवळ असते. इंजिन पूर्ण शक्तीने चालत असते, म्हणून त्यातील दोषही याच वेळी उघड होतात. इंधनात पाणी मिसळलेले असणे, इंधनाची तोटी चुकीच्या टाकीकडे किंवा बंद राहणे, उष्णतेने नळीत इंधनाची वाफ अडकणे, दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचणे, ठिणगीच्या प्लगवर काजळी धरणे ही शक्ती घटण्याची नेहमीची कारणे आहेत. इंजिन पूर्णपणे बंद पडले नाही, केवळ त्याचा जोर ओसरला, तरी धोका तेवढाच असतो. किंबहुना अर्धवट शक्तीमुळे वैमानिकाला आपण उंची टिकवू शकू असा भ्रम होतो आणि तो निर्णय लांबवतो.

इंजिनाचा जोर गेला की चढत्या स्थितीतील विमानाचा वेग काही सेकंदांत घसरतो. त्याच क्षणी नाक खाली करून वेग राखणे हा एकमेव उपाय असतो. जमीन समोर दिसत असताना नियंत्रणदांडा पुढे ढकलणे माणसाच्या सहज प्रवृत्तीविरुद्ध असते. भीतीने तो मागेच ओढला जातो आणि पंखाचा कोन वाढून स्टॉल ओढवतो. दुसरी प्रवृत्ती मागे वळून धावपट्टी गाठण्याची असते. वळताना पंखांना विमानाच्या वजनापेक्षा अधिक भार पेलावा लागतो. उंची कायम राखून ४५ अंश कलते वळण घेतले तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांच्या वळणात सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. आधीच मंदावलेल्या विमानाला एवढी सवलत उरलेली नसते. वळणाच्या आतल्या बाजूचा पंख आधी बळ गमावतो आणि गिरकी सुरू होते. वर हजार मीटरवर असती तर ती सावरता येते, जमिनीपासून शंभर मीटरवर येत नाही. यामुळेच इंजिन गेल्यास नाक खाली करून समोरच्या मोकळ्या जागेत उतरावे, मागे वळू नये, हा धडा जगभरच्या उड्डाण शाळांत एकट्याने उडण्याची परवानगी देण्यापूर्वी पुन्हा पुन्हा गिरवून घेतला जातो.

रचनाकार हा धोका नाहीसा करू शकत नाही, मात्र तो कमी करू शकतो. पंखाला टोकाकडे किंचित पीळ दिला तर प्रवाह आधी पंखाच्या मुळाशी सुटतो; विमान थरथरून इशारा देते आणि टोकाकडील नियंत्रणे त्या क्षणीही काम करतात. वजनाचा मध्य पुरेसा पुढे ठेवला तर स्टॉल झालेले विमान आपोआप नाक खाली टाकते. शेपटीचे उभे सुकाणू गिरकीतही हवेच्या झोतात राहील अशा जागी असले तर गिरकी थांबवता येते. या प्रत्येक सुधारणेची किंमत थोड्या वजनाच्या, थोड्या वेगाच्या किंवा थोड्या चपळाईच्या रूपाने मोजावी लागते. प्रशिक्षण विमान फार चंचल असेल तर विद्यार्थी दगावतो. फार निर्धोक असेल तर त्याला स्टॉल आणि गिरकी म्हणजे काय ते कळतच नाही आणि पुढच्या वेगवान विमानात तो बेसावध सापडतो. वायुगतिकीचे ज्ञान आणि विद्यार्थ्याच्या चुकांची जाण यांचा मेळ घालणे हे अशा रचनेतले खरे काम असते.

पुष्पक आणि कृषक

१९५० च्या दशकात देशातील फ्लाइंग क्लबांना स्वस्त, दुरुस्तीस सोप्या आणि हौशी वैमानिकाला झेपेल अशा विमानाची गरज होती. त्यासाठी बनवलेल्या पुष्पक या विमानाचे पहिले उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ रोजी झाले. शेजारी-शेजारी दोन आसने, वर बसवलेला पंख, पोलादी नळ्यांचा सांगाडा व कापडी आवरण अशी त्याची बांधणी होती. इंजिन कॉन्टिनेन्टल बनावटीचे, ९० अश्वशक्तीचे होते. त्याचे स्वरूप तत्कालीन अमेरिकन हलक्या विमानांशी मिळतेजुळते होते. कुशल मिस्त्रीला साध्या कार्यशाळेत दुरुस्त करता येईल असे हे विमान होते.

पुष्पकचे कमाल वजन सुमारे ६०० किलो होते. म्हणजे एका अश्वशक्तीमागे साडेसहा किलोंहून अधिक भार येत असे. एवढ्या मर्यादित शक्तीच्या विमानात दोन माणसे व भरलेली टाकी घेऊन उन्हाळ्याच्या दुपारी उडताना चढण्याचा वेग अगदी बेताचा असतो आणि इंजिनाने थोडी जरी शक्ती गमावली तरी समतल उड्डाणही कठीण होते. दुसऱ्या बाजूने पाहता विमान हलके असल्याने ते कमी वेगाने उतरते आणि एखाद्या शेतात सक्तीने उतरावे लागले तरी आदळण्याचा जोर कमी असतो. पुष्पकची सुमारे दीडशे विमाने तयार झाली. देशातील अनेक नागरी वैमानिकांचे पहिले एकल उड्डाण याच विमानातून झाले.

पुष्पकच्या मूळ रचनेचा विस्तार करून कृषक हे अधिक शक्तीचे विमान विकसित करण्यात आले. त्याचे पहिले उड्डाण नोव्हेंबर १९५९ मध्ये झाले. नावाप्रमाणे ते शेतीच्या कामासाठी योजले होते, परंतु प्रत्यक्षात त्याचा मुख्य उपयोग लष्कराच्या हवाई निरीक्षणासाठी झाला. त्यात २२५ अश्वशक्तीचे इंजिन बसवण्यात आले. छोट्या, कच्च्या धावपट्टीवरून उठणे आणि तोफखान्याच्या निरीक्षणासाठी मंद गतीने घिरट्या घालणे ही त्याची कामे होती. मंद गतीच्या उड्डाणात स्टॉलचा धोका सतत जवळ असल्याने शक्तीची शिल्लक अधिक असणे येथे आवश्यकच होते.

जेट विमाने

१९५६ मध्ये जर्मन रचनाकार कुर्ट टँक बंगळूरला आले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली एचएफ-२४ मरुत या लढाऊ जेट विमानाचे काम सुरू झाले. मरुतने १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. याच काळात घाटगे यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय पथकाने एचजेटी-१६ किरण या जेट प्रशिक्षण विमानाचा आराखडा केला. किरणचे पहिले उड्डाण ४ सप्टेंबर १९६४ रोजी झाले. एचटी-२ वर प्राथमिक धडे घेतलेला विद्यार्थी यानंतर किरणवर जाऊ लागला आणि अशा रीतीने हवाई दलाच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दोन्ही पायऱ्यांवर देशी विमाने आली. किरण अनेक दशके सेवेत राहिले.

१ ऑक्टोबर १९६४ रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट आणि एरोनॉटिक्स इंडिया या कंपन्यांच्या विलीनीकरणातून हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली. घाटगे यांनी या संस्थेत उच्च व्यवस्थापकीय पदे भूषवली.

सन्मान

भारत सरकारने १९६५ मध्ये घाटगे यांना पद्मश्री देऊन गौरवले. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने वैमानिकी क्षेत्रातील कामगिरीसाठी पुरस्कार देते. बंगळूर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या सभागृह-संकुलालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे.

निधन व वारसा

६ डिसेंबर १९९१ रोजी घाटगे यांचे निधन झाले. त्यापूर्वीच एचटी-२ सेवेतून बाहेर पडू लागले होते आणि त्याची जागा एचपीटी-३२ दीपक या नव्या प्रशिक्षण विमानाने घेतली होती. दीपकचे इंजिन २६० अश्वशक्तीचे, म्हणजे एचटी-२ पेक्षा बरेच मोठे होते. परंतु उड्डाणात इंजिन बंद पडण्याच्या घटनांनी हे विमान ग्रासले होते आणि इंजिनाविना ते फार वेगाने खाली येत असे. त्याच्या १७ अपघातांत १९ वैमानिकांचा मृत्यू झाला आणि २००९ मध्ये झालेल्या अपघातानंतर संपूर्ण ताफा जमिनीवर ठेवण्यात आला. प्राथमिक प्रशिक्षणासाठी देशाला त्यानंतर स्वित्झर्लंडहून पिलाटस विमाने आयात करावी लागली. प्रशिक्षण विमानात इंजिन किती शक्तिशाली आहे याइतकेच ते बंद पडल्यावर विद्यार्थ्याच्या हाती काय उरते हेही महत्त्वाचे असते, हे या अनुभवातून पुन्हा स्पष्ट झाले.

हिंदुस्थान एरोनॉटिक्सने पुढे एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाचा आराखडा स्वतः तयार केला. त्याचे पहिले उड्डाण ३१ मे २०१६ रोजी बंगळूर येथे झाले. एचटी-२ नंतर सुमारे ६५ वर्षांनी, त्याच शहरात, नवशिक्या वैमानिकासाठी देशी विमान बनवण्याचे काम अशा प्रकारे पुढे चालू राहिले.

घाटगे यांच्या कार्याचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. विमानाचा आराखडा भारतात होऊ शकतो आणि ते विमान दशकानुदशके वापरात राहू शकते, हे त्यांच्या पथकाने कृतीतून दाखवले. दुसरे असे, की सीमास्तराच्या सिद्धान्ताच्या उगमस्थानी शिकलेल्या या अभियंत्याने कारकिर्दीचा मोठा काळ आकाराने लहान व प्रसिद्धीने मागे असलेल्या विमानांना दिला. एचटी-२ आणि पुष्पक यांनी कोणतेही विक्रम केले नाहीत. हजारो विद्यार्थ्यांनी या विमानांत स्टॉल, गिरकी आणि इंजिन बंद पडल्याचा सराव केला आणि जमिनीवर परतून ते पुढच्या विमानाकडे वळले.